गोठ्यामागचे टोमॅटो

कोकणात मे महिन्याची सुट्टी किती सुखाची असते, हे ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलंय ते सगळे मुंबईहून आलेले होते. ते यायचे, फणसाचे गरे खायचे, समुद्रात डुंबायचे आणि निघताना डोळ्यांत पाणी आणून आम्हाला सांगायचे, तुम्ही किती भाग्यवान! त्यांच्या आंघोळीचं पाणी पहाटे उठून विहिरीतून ओढणारे ते आम्ही भाग्यवान. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं घर होतं आणि आमच्याकडे मे महिना म्हणजे चाकरमान्याची सरबराई. चाकरमानी एकच होता, माझा काका, पण तेवढ्या एकाला सांभाळायला सगळं घर कमी पडायचं.

काका मुंबईत एका कचेरीत कारकून होता. वर्षातून एकदा बोटीनं यायचा, महिनाभर राहायचा आणि पावसाआधीची शेवटची बोट धरून परत जायचा. काकी मात्र आमच्याकडेच. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातले सात महिने ती दोघं एका घरात राहिली असतील. काकीला मूल नाही म्हणून गावच्या बायका तोंडाला पदर लावून हळहळायच्या. नवरा अकरा महिने मुंबईत असतो, ही गोष्ट त्यातल्या एकीच्याही डोक्यात येत नसे. काकीचं मागणं एकच होतं, मुंबईला नवऱ्याजवळ राहायचं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण बोट धक्क्याबाहेर येऊन थांबली आणि तिचा भोंगा ऐकू आला की तिच्या हातातलं काम थांबायचं. ते मला दिसत होतं आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

कारण काकी माझी होती. आईला मला जवळ घ्यायला फुरसत नसे. माझे केस विंचरायचे काकीनं, माझा अभ्यास ऐकायचा काकीनं, ताप आला तर उशाशी बसायचं काकीनं. मी दहा वर्षांची होते, छप्पन-सत्तावन्न साल असेल. दहा वर्षांची मुलं फार निरागस असतात, असं म्हणणाऱ्यांनी मला तेव्हा पाहिलेलं नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर काकाचं पत्र आलं. पत्र आजोबांच्या नावानं. त्या काळी नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. तो आपल्या बापाला लिहायचा आणि शेवटी बायकोला ‘घरातल्या माणसांस’ म्हणून दोन ओळी टाकायचा, जणू तिथे एकटी बाई नसून चाळीस माणसांचा जमाव उभा आहे. पत्र माझ्या वडिलांनी पडवीत मोठ्यानं वाचलं. ते गावच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे घरातलं कुणाचंही नशीब वाचायचं काम त्यांच्याकडेच असे. काकी दाराआड उभी होती.

पत्राबरोबर बियाण्याची एक पुडी होती आणि पुडीवर तांबड्या टोमॅटोचं चित्र. काकानं लिहिलं होतं की मुंबईत हल्ली सगळी सुधारलेली माणसं टोमॅटो खातात. घरातल्या माणसांनी हे बी पेरावं. मे महिन्यात मी येईन तेव्हा झाडावर फळं दिसली पाहिजेत. ओळखीच्या एकानं जूनपासून खोली मोकळी करून देतो म्हणून सांगितलं आहे. घरातल्या माणसांना हे जमलं, तर मुंबईची राहणीही जमेल असं समजून बरोबर घेऊन जाईन.

म्हणजे मुंबईला जायची परीक्षा होती आणि ती टोमॅटोची होती. ही अक्कल काकाला कुठून सुचली ते मला नंतर कळलं. त्याच्या कचेरीतला एक देवगडचा माणूस दरवर्षी साहेबाला हापूसची पेटी नेऊन द्यायचा. आमच्या घरी दोनच कलमं, आणि त्यांचा आंबा पेटीत भरण्याजोगा नव्हता. तेव्हा काकानं ठरवलं की आपण साहेबाला गावच्या मळ्यातले टोमॅटो न्यायचे. मुंबईत टोमॅटो गल्लोगल्ली हातगाडीवर मिळतात, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण साहेबापुढे वाकायचं ठरलं की आमच्याकडच्या माणसांना पुढचं काही दिसत नाही.

आजोबांनी पुडीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “ह्यां तांबडां मांसासारखां दिसता. माज्या चुलीक लागूक नको.”

हे कोण बोलत होते? बांगड्याची कढी नसेल तर पानावरून उठणारे आजोबा. कुर्ल्यांच्या नांग्या दाताखाली फोडताना ज्यांना जगाचं भान राहत नसे, त्यांना टोमॅटोत रक्त दिसलं. पण आमच्या घरात आजोबांच्या बोलण्याला हसायची पद्धत नव्हती. टोमॅटो तुळशीजवळ नको, विहिरीच्या काठावर नको, देवघराच्या खिडकीतून दिसेल असा नको. राहता राहिली गोठ्यामागची जागा. तिथे सगळी वाळू आणि दुपारभर ऊन.

काकीनं फुटक्या मडक्यात बी टाकलं. त्यातून वीस रोपं हाती लागली. ती तिनं गोठ्यामागे लावली. शेण घातलं, पाचोळा कुजवून घातला, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथून सुक्या मासळीचा कुटा आणून घातला. त्या कुट्याला असा वास यायचा की आई नाकाला पदर लावून म्हणायची, “मुंबैची रवणी हीच काय गो?” आई तशी वाईट नव्हती. पण काकी गेली तर दोन माणसांचं काम तिच्या एकटीच्या अंगावर पडणार होतं आणि ते ती विसरत नव्हती. मी वाईट नव्हते, आई वाईट नव्हती. आमच्या घरात वाईट कुणीच नव्हतं आणि तरी काकीचं बरं व्हावं असं कुणालाही वाटत नव्हतं.

टोमॅटो हे थंडीचं पीक. ते मे महिन्यात हवं म्हणणारा माणूस एकतर अडाणी असला पाहिजे नाहीतर सुधारलेला. काका सुधारलेला होता. मार्च लागला आणि फुलं उन्हानं गळायला लागली. काकीनं त्यांच्यावर माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या रोवून रोपं बांधून घेतली. सकाळी ऊन वर यायच्या आधी वीस कळश्या, संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस कळश्या. विहीर आटत चाललेली, दोर दर आठवड्याला हातभर लांब करावा लागायचा. पानावर पाणी पडलं तर पान करपतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती वाकून एकेका रोपाच्या बुंध्याशी हातानं पाणी सोडायची. राख भुरभुरायची. अळी दिसली की दोन बोटांत चिरडायची. घरातलं बाकीचं काम होतंच, ते कुणी कमी केलं नाही.

मी मदत करायचे. लहान कळशी घेऊन तिच्या मागे मागे जायचे. ती कधी बोलत नसे ती त्या गोठ्यामागे बोलायची. मुंबईत नळ असतात म्हणे. एक खोली असली तर झाडायला किती वेळ लागणार? सकाळी डबा करून दिला की दिवस आपला. “तू येशीत ना गो माज्याकडे? तुका थंयच्या शाळेत घालतलंय.” मी हो म्हणायचे. मला ते खोटं वाटत होतं. गेली की ती मला विसरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी एक कबूल करते. एप्रिलच्या शेवटी पहिलं फळ तांबडं झालं तेव्हा ती जे हसली, तसं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही.

काका आला. बोट लांब उभी राहायची आणि उतारू होडीतून किनाऱ्याला यायचे. गुडघाभर पाण्यात सगळे उतरायचे, बायाबापड्यासुद्धा लुगडी सावरून उतरायच्या. काका मात्र एका खलाशाच्या खांद्यावर बसून आला, कारण त्याच्या पायात बूट होते. घरी आल्यावर पाय धुतले, आजोबांना नमस्कार केला आणि बुटांना शोभेल अशा एका वेगळ्याच मराठीत आमची विचारपूस सुरू केली. मुंबईत राहून तो मालवणी विसरला होता. कढी वाढायला उशीर झाला की मात्र त्याला ती लख्ख आठवायची.

गोठ्यामागे जाऊन त्यानं झाडं पाहिली. एकेका झाडाला पाच-सहा फळं लगडलेली. “फर्स्ट क्लास!” तो म्हणाला. काकीकडे पाहून नव्हे, झाडाकडे पाहून. मग दिवसभर त्यानं वाडीतल्या लोकांना बोलावून आणून टोमॅटो दाखवले. हे शिजवायचे नसतात, त्यातलं जीवनसत्त्व मरतं. हे असे कापायचे, मीठ लावायचं आणि खायचे. खाणारे तोंडं वेडीवाकडी करत वा वा म्हणत होते. एवढी मेहनत कुणाची, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं तर काका म्हणाला, “बी मी मुंबईहून पाठवलं होतं.”

काकीला त्याचं काही नव्हतं. परीक्षा पास झाली होती. तिनं दोन लुगडी धुऊन घडी करून ठेवली, चार भांडी घासून पुसून बाजूला काढली. आईनं ते पाहिलं आणि आजोबांच्या कानावर घातलं.

घरातली सून गावाबाहेर जाणार म्हणजे देवाला विचारायला हवं. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवाच्या दगडावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, ‘व्हय म्हाराजा’ म्हणून सगळे साथ देतात. मग कुठल्या अंगाची कळी आधी पडते त्याकडे टक लावून बसायचं. उजवी पडली तर होकार. डावी पडली तर नाही. आजोबा देवळात गेले ते डावा कौल येणार या खात्रीनं. आजवर देवानं त्यांच्या मनाविरुद्ध एकदाही कौल दिला नव्हता. मी त्यांच्याबरोबर होते. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी कळी टपकन पडली, थोडीशीही थांबली नाही. गुरव म्हणाला, “देवान उजवो दिल्यान. सून जावची, बरां होतलां.”

आजोबा ताडताड घराकडे निघाले. मी धावत पुढे जाऊन काकीला सांगितलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं. ती देवघरासमोर डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली.

शेवटच्या बोटीला चार दिवस उरले होते. सकाळची वेळ, पडवीत आजोबा, वडील आणि काका बसले होते. आजोबा टोमॅटो खात होते. हो, तेच आजोबा. काकानं दोन दिवसांपूर्वी त्यांना साखर लावून एक फोड खायला घातली होती आणि तेव्हापासून त्यातलं रक्त कुठे गेलं ते देव जाणे. रोज न्याहारीला त्यांना फोडी लागायच्या. काका त्यांना सांगत होता की साहेबासाठी टोपली भरून नेतो, साहेब खूश होईल. पुढच्या वर्षी आणखी चांगलं बी पाठवतो, पन्नास रोपं लावू.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी विचारलं, “काकी मुंबैक गेली तर शिंपतलो कोण?”

पोर सहज बोलून गेली, असं पुढे घरात कितीतरी वेळा सांगितलं गेलं. मी सहज बोलले नव्हते. ते वाक्य मी आदल्या दिवसापासून तोंडात धरून होते. ते कुणासमोर टाकायचं आणि कधी टाकायचं, हेही मी ठरवलं होतं.

वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना काही बोलायचं नसलं की त्यांचा चष्मा मळायचा. आजोबांनी हातातली फोड खाऊन संपवली.

“चेडू म्हणता तां खरां आसा,” ते म्हणाले.

“पण कौल झालाय ना,” काका म्हणाला. अगदी हळू म्हणाला, आजोबांनी नाही म्हटलं तर बरंच अशा बेतानं.

“झालो मां. देवान जावक सांगल्यान. कधी जावचां तां खंय सांगल्यान?”

देवालासुद्धा आमच्या आजोबांनी असं गुंडाळलं. आणि काकाच्या चेहऱ्याकडे मी पाहत होते. तो सुटला होता. सात वर्षं मित्रांच्या खोलीत ऐसपैस राहिलेला माणूस, त्याला बायको, डबा, चूल, नळावरची रांग हे सगळं आता येऊन पडणार होतं. ते टळलं. शिवाय दोष त्याच्यावर आला नाही, देवावर आला नाही, आजोबांवरही आला नाही. तो म्हणाला, “मग पुढच्या मेला बघू.” वडिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते शाळेच्या कामाला निघून गेले. आत आईच्या हातातली भांडी मोठ्यानं वाजली, पण ती बाहेर आली नाही.

काकीनं किती छान टोमॅटो पिकवले, म्हणून ती राहिली. ते करपून गेले असते तर नापास म्हणून राहिली असती. हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. आजोबांना आणि काकाला ते तेव्हाच कळलं होतं.

शेवटच्या बोटीनं काका गेला. बरोबर गवतात रचून भरलेली टोमॅटोची टोपली. बोटीवर काकीची जी जागा होती तिथे ती टोपली गेली. तिच्यातले अर्धे टोमॅटो वाटेत नासले आणि उरलेले साहेबाच्या बायकोनं मोलकरणीला दिले, असं एक गाववाला पुढे सांगत आला. काकानं पत्रात लिहिलं की साहेब फार खूश झाला. त्या संध्याकाळी काकीनं झाडांना पाणी घातलं. मी नेहमीसारखी लहान कळशी घेऊन गेले तर म्हणाली, “तू जा. अभ्यास कर. मी शिंपतंय.”

पुढच्या वर्षी पन्नास रोपं लागली. खोली दुसऱ्या कुणाला गेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आजोबा आजारी, सुनेनं जाणं बरं दिसत नाही. मग आजोबा गेले, वर्षाच्या आत घर सोडू नये. मग काका म्हणाला, आता इतकी वर्षं झाली, आता कशाला? दरवर्षी मे महिन्यात टोमॅटो मात्र लागायचे. वाडीतल्या लोकांना काकीच्या हाताचं फार कौतुक होतं.

पासष्ट सालानंतर माझं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, आणि लग्नानंतर लगेच बरोबर नेणार म्हणून पहिल्या बैठकीतच सांगून टाकलेलं. निघायच्या दिवशी सकाळी काकी माझे केस विंचरत होती. तिच्याकडे पाठ होती म्हणून मला बोलता आलं.

“काकी, तेव्हा मीच बोललंय. तू जावची नाय म्हणान मुद्दाम बोललंय.”

“माका ठावक आसा. मी दाराआडच होतंय.”

“तुका माजो राग नाय येवक?”

तिनं वेणी घालायचं थांबवलं नाही. “चेडवाचो राग कसलो करूचो? चेडवान विचारल्यान, शिंपतलो कोण. विचारूकच होया होतां. तुजो आजो थंय होतो, तुजो बापूस होतो, माजो घोव होतो, तुजी आवस भुतूर होती. मी शिंपतलंय, म्हणान एकानय म्हणाक नाय.” मग म्हणाली, “ईस रोपां होती गो. ईस.”

तिनं वेणीत अबोलीचा वळेसर माळला आणि मला उठवलं. बाहेर सगळे थांबले होते. काकाही आला होता, नव्या बुटांत.

तिनं चार जणांची नावं घेतली आणि माझं घेतलं नाही. मी लहान म्हणून तिनं मला सोडून दिलं, असं मानायला मला फार आवडलं असतं. पण ती सगळी जणं कळशी घेऊन गोठ्यामागे कधी फिरकलीही नव्हती. झाडाला पाणी कुठे सोडायचं, किती सोडायचं, अळी कशी वेचायची हे काकीखालोखाल त्या घरात एका माणसाला येत होतं. ते माणूस तांब्या घेऊन पडवीत उभं होतं. ‘मी शिंपतलंय’ हे शब्द मला सुचले नव्हते असं नाही. सुचले होते. मी ते बोलले नाही.